एका ‘ओ’चं अंतर

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी ऑफिसात एक ई-मेल लिहिला होता. बॅकअप नीट घेतला जात नाहीये, सर्व्हर बंद पडला तर आपण डेटा गमावू, असं मला इंग्रजीत म्हणायचं होतं. ‘लूज’ लिहिताना एक ‘ओ’ जास्त पडला. गमावण्याऐवजी डेटा सैल झाला! कुणीतरी त्या ओळीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. बॅकअपबद्दल मात्र कुणीच काही बोललं नाही.

मी इंदापूर तालुक्यातला, मराठी शाळेतला. २००० साली राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, म्हणून एबीसीडी लवकर भेटली. पण घरात, एसटीत, उसाच्या फडात ती भाषा कानावर पडत नव्हती. आमच्या तोंडी हरवणं आणि सैल होणं, दोन्ही ‘लूज’च. फरक फक्त पाठांतराचा.

हे सगळं भोगलेला माणूस शहाणा व्हायला हवा ना? गेल्या दिवाळीत बारामतीच्या मावसभावाने मला कॉलेजला द्यायचा अर्ज दाखवला. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी ए-एलऐवजी एल-ई. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “अरे, तू प्राचार्यांना नाही, तत्त्वाला अर्ज करतोयस!” सगळे हसले. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मग चूक दाखवायचीच नाही का? तसंही नाही. गप्प बसलो असतो, तर पुढे त्याच्या अर्जावर अनोळखी माणूस हसला असता, आणि तो तर कारणही सांगत नाही. प्रश्न चूक दाखवण्याचा नाही, ती दाखवताना आपण माणसाची लायकी ठरवतो, याचा आहे.

खरं तर हे जुळे शब्द बऱ्याचदा एकाच घरातले असतात. प्राचार्य आणि तत्त्व, दोन्ही ‘प्रिन्सिपल’ लॅटिनमधल्या ‘पहिला’ या अर्थाच्या शब्दातून आले. ‘स्टेशनरी’चंही तसंच. मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा, बहुतेकदा पुस्तकं विकणारा, तो स्टेशनर. ए घातला की ‘स्थिर’, ई घातला की वह्या-पेनं. बारामतीतल्या दुकानावरच्या देवनागरी पाटीला हा प्रश्नच पडत नाही. अर्थात आपल्याकडेही दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. फरक कळायलाच हवा, पण तो न कळणारा बुद्धीने दीन ठरत नाही.

आता एक गंमत. तुम्ही लिंकवर क्लिक करता, तेव्हा आधी कुठल्या पानावर होतात हे ब्राउझर बऱ्याचदा पुढच्या साइटला कळवतो. त्या माहितीचं नाव ‘रेफरर’. १९९६ च्या एचटीटीपी दस्तऐवजातच त्याच्या स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळालेला आहे. ती चूक आजही जगभर चालते, आम्ही इंजिनिअर ती निमूटपणे तशीच टाइप करतो. तिथे ती मानक, आणि इंदापूरच्या पोराने केली की विनोद.

परवा मावसभावाला फोन केला. आधी माफी मागितली, मग माझ्या सैल डेटाची गोष्ट सांगितली. तो हसला. थोडं थांबून म्हणाला, “पण दादा, मग बॅकअपचं काय झालं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच.