करार लांबतो तेव्हा हजेरी कोणाची बुडते?

2025 ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आली. त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास, मीरा-भाईंदरच्या घराघरांत प्राणप्रतिष्ठेची लगबग चालू असताना, अमेरिकेत उतरणाऱ्या बऱ्याचशा भारतीय मालावर पन्नास टक्के आयात शुल्क लागू झालं. भारत-अमेरिका व्यापार कराराच्या पाच फेऱ्या तोवर झाल्या होत्या. सहाव्या फेरीसाठी त्याच आठवड्यात दिल्लीला यायचं असलेलं अमेरिकी पथक आलंच नाही. मांडवात या बातमीवर गप्पा झाल्या नाहीत असं नाही. ट्रम्पने दणका दिला, मोदी झुकणार नाहीत, रशियाचं तेल घ्यायचं की नाही हे आपण ठरवू, वगैरे. बोलण्याचा सूर दोन पैलवानांची कुस्ती लांबून बघणाऱ्यांचा होता. या शहरातल्या कित्येक घरांचा महिन्याचा हिशेब त्याच आखाड्यात अडकला आहे, याची चर्चा मात्र कुठे ऐकू आली नाही.

मीरा-भाईंदर अमेरिकेला काय विकतं? वरवर पाहता काही नाही. पण सकाळी मीरा रोडच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या गर्दीतला एक भाग अंधेरीला उतरून सीप्झला जातो. 1973 साली सुरू झालेल्या या निर्यात क्षेत्रात हिऱ्यांचे आणि सोन्याचे दागिने बनतात. रत्न व आभूषण निर्यात परिषदेने शुल्क जाहीर झालं तेव्हाच सांगितलं होतं की सीप्झच्या निर्यातीतला 85 टक्के माल अमेरिकेला जातो आणि त्यावर 50 हजार रोजगार उभे आहेत. त्या पन्नास हजारांतले किती जण दहिसरच्या पलीकडे राहतात याची मोजणी कोणी केलेली नाही. पण मुंबईतलं भाडं परवडत नाही तो उत्तरेला सरकतो, हे तर या शहराच्या वाढीचं मूळ कारण आहे. गिरगाव-परळच्या चाळी सोडून आलेली मराठी कुटुंबं, बंगालमधून आलेले सोनार कारागीर, पूर्वांचलातले पॉलिशवाले, सगळे याच हिशेबाने इथे आले.

अशा धंद्यात मंदी येते तेव्हा ती कशी येते, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. दारावर नोटीस लागत नाही. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग शनिवार सुटीचा होतो. मग दिवाळीची सुटी आठवडाभर आधी सुरू होते आणि संपतच नाही. शेवटी सुपरवायझर आपुलकीने म्हणतो, ‘‘गावाला जाऊन ये जरा, काम आलं की फोन करतो.’’ भाईंदर पूर्वेला राहणारा, खडे बसवण्याचं काम करणारा एक सेटर माझ्या ओळखीचा आहे. बोटांच्या टोकांना कामाचे घट्टे, आणि जवळचं वाचायला चष्मा कपाळावर. ऑक्टोबरात त्याला हे वाक्य ऐकवलं गेलं. गावाला जायला त्याच्याकडे गाव उरलेलं नव्हतं. वडिलांनीच ते सोडलं होतं. मग तो घरीच बसला. बायकोच्या भिशीचा नंबर पुढे ओढून घेतला, सोसायटीचा मेंटेनन्स थकवला, मुलीच्या क्लासची फी दोन हप्त्यांत द्यायची कबुली दिली. ‘‘नोकरी गेली का?’’ असं विचारलं की तो चिडायचा. ‘‘गेली नाही. थांबलीय.’’

त्याचं म्हणणं कायद्याच्या भाषेतही खरं होतं, आणि खरी गोम तिथेच आहे. ज्या कारखान्यात पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार आहेत, तिथे मस्टरवर वर्षभर नाव असलेल्या माणसाला काम नसल्यामुळे बसवून ठेवलं तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागते. ही तरतूद जुनी आहे. राज्य कामगार विमा महामंडळाची 2018 साली सुरू झालेली एक योजनाही आहे. तीत बेकार झालेल्या विमाधारकाला 90 दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम मिळू शकते. पण ‘गावाला जाऊन ये’ म्हणजे ले-ऑफ नव्हे आणि बेकारीही नव्हे. ती रजा. तीही कामगाराने आपणहून घेतलेली. एका वाक्याने दोन्ही तरतुदी निकालात निघतात. सही नाही, शिक्का नाही, तक्रार कुठे करायची तेही ठाऊक नाही.

शुल्काचा दर हा एक आकडा. त्याहून अधिक घातक असतं ते दराचं अधांतरी राहणं. 2 एप्रिल 2025 ला भारतासाठी 26 टक्के जाहीर झाले. आठवडाभरात नव्वद दिवसांची स्थगिती आली, ती 9 जुलैला संपायची होती. 7 जुलैला मुदत 1 ऑगस्टपर्यंत वाढली. 7 ऑगस्टपासून 25 टक्के लागले, तीन आठवड्यांत पन्नास झाले. परदेशी खरेदीदार अशा वेळी ऑर्डर रद्द करत नाही, तो थांबतो. खरेदीदार थांबला की निर्यातदार थांबतो, त्याच्यामागचा जॉबवर्कवाला थांबतो, आणि जॉबवर्कवाल्याकडे नगावर काम करणाऱ्याची त्या दिवशीची मजुरी बुडते. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपलं ओझं खालच्या पायरीवर ढकलता येतं. शेवटच्याला येत नाही.

सरकारने ताठ राहायला नको होतं, असं मला म्हणायचं नाही. शेती आणि दुग्धव्यवसाय उघडा करा हा अमेरिकेचा आग्रह मान्य केला असता तर त्याचे चटके नगर-कोल्हापूरच्या गोठ्यांपर्यंत पोचले असते. 7 ऑगस्टला पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही, त्यासाठी व्यक्तिशः मोठी किंमत मोजायची तयारी आहे, असं सांगितलं. भूमिका योग्यच होती. पण दोनच आठवड्यांत, 19 ऑगस्टपासून, कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ झालं, आणि ही माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. कापड निर्यातदारांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून. विदर्भ-मराठवाड्यातला नवा कापूस बाजारात यायला लागतो तो नेमका याच महिन्यांत. मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 रुपये जाहीर झालेला आणि बाहेरच्या कापसाला दार उघडं. निर्यातदाराची झळ शेतकऱ्याने वाटून घ्यावी, असा निर्णय कुठल्याही सभेत झाला नव्हता. तो एका अधिसूचनेत झाला.

किंमत मोजावी लागते हे मान्य केलं, की ती कोण मोजतंय हे विचारणं क्रमप्राप्त होतं. त्या प्रश्नाला जागा मिळाली नाही. मदत आली, तीही लहान नव्हती. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 25,060 कोटींचं निर्यात प्रोत्साहन अभियान आणि निर्यातदारांसाठी 20 हजार कोटींची कर्जहमी मंजूर केली. रिझर्व्ह बँकेने झळ बसलेल्या क्षेत्रांतल्या निर्यातदारांना 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर या काळातले कर्जाचे हप्ते लांबवायची मुभा दिली. कारखाना टिकला तरच काम टिकेल, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. पण त्याच चार महिन्यांत आमच्या सेटरच्या घरकर्जाचा हप्ता एकही दिवस लांबला नाही. मालकाचं कर्ज हे व्यापारयुद्धाचं नुकसान, आणि कारागिराचं कर्ज ही त्याची घरगुती अडचण.

भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती सीप्झच्या पोत्यात घालून चालणार नाही. या गाळ्यांतला बराच माल देशातच खपतो. उलट 22 सप्टेंबरपासून भांड्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचा त्यांना आधार झाला असणार. पण पोलादावरचं अमेरिकी शुल्क जून 2025 पासूनच पन्नास टक्के आहे, पोलादी वस्तूंच्या यादीत पुढेही भर पडत राहिली, आणि बाहेर विकला न जाणारा माल शेवटी देशातल्याच बाजारात उतरतो. घराघरांतून बायका करतात त्या इमिटेशन दागिन्यांच्या कामाचंही तसंच. सोनं महागलं तसं खोट्या दागिन्याला गिऱ्हाईक वाढलं. दुपारी जेवणं आटोपली की ताटात खड्यांच्या पुड्या सुटतात, डिंकाचा वास खोलीत भरतो, आणि डझनाच्या भावाने बोटं चालू होतात. पण घरचा कारागीर बसला की त्या घरातल्या बाईचे खडे चिकटवण्याचे तास वाढतात, शेजारणीचेही वाढतात, आणि डझनाचा भाव वाढायचं कारण उरत नाही. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1996 सालचा करार आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

याच दरम्यान देशाचा आकडा उत्तम होता. जुलै-सप्टेंबर 2025 च्या तिमाहीत अर्थव्यवस्था 8.2 टक्क्यांनी वाढली. अमेरिकेला जाणाऱ्या मोबाइल फोनवर आणि औषधांवर हे शुल्क नव्हतंच, त्यामुळे एकूण निर्यातही फारशी कोसळलेली दिसली नाही. अर्थतज्ज्ञ तेव्हा सांगत होते की अमेरिकेला होणारी निर्यात म्हणजे आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोनेक टक्के, घाबरायचं कारण नाही. देशापुरतं ते खरं आहे. पण ते दोन टक्के सगळ्यांच्या अंगावर दोन-दोन पैशांनी पडत नाहीत. ते तिरुपूरवर पडतात, सुरतेवर पडतात, सोलापूरच्या टॉवेलवर आणि अंधेरीच्या सीप्झवर पडतात. सरासरीत हे दिसत नाही, आणि मीरा-भाईंदर तर त्या यादीतही नाही, कारण इथे फक्त माणसं राहतात.

आता एक तारीख. 8 जुलै 2025. मीरा रोडला त्या दिवशी मराठीच्या प्रश्नावर मोठा मोर्चा निघाला. त्याआधी व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला होता, एका दुकानदाराला झालेल्या मारहाणीच्या निषेधार्थ. मराठीचा आग्रह रास्त आहे असं मी मानतो, मारहाण मात्र नाही. पण टॅरिफची स्थगिती संपायला तेव्हा एक दिवस उरला होता. मुदत वाढल्याची बातमी येऊन काही तासच झाले होते. दोन्ही मोर्चांत अशी माणसं असणार, ज्यांची पुढची दिवाळी त्या एका मुदतीवर ठरणार होती. पोटाच्या धास्तीमुळे भाषेचा वाद पेटला, असं म्हणणं सोपं आणि चुकीचं ठरेल. एवढंच दिसतं की भाषेच्या भीतीसाठी या शहरात झेंडा आहे, पक्ष आहे, घोषणा आहे. कामाच्या भीतीसाठी यातलं काहीच नाही. मारवाडी गाळेवाला आणि मराठी कामगार एकाच ऑर्डरची वाट बघतात, पण त्यासाठी ते एकत्र कुठे उभे राहणार? 1982 च्या गिरणी संपाच्या वेळी निदान संघटना होती. तिचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण बुडणाऱ्या पगाराला आवाज होता.

जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. माझ्या कानावर आलेल्या भाषणांत पाणी होतं, मेट्रो होती, मराठी होतीच. टॅरिफ हा शब्द एकदाही आला नाही. नगरसेवकाचा वॉशिंग्टनशी काय संबंध, असं कोणी म्हणेल. ठीक आहे.

फेब्रुवारीत चित्र पालटलं. 2 तारखेला दर 18 टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. 20 तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीच्या अधिकारात लावलेली ही सगळी शुल्कंच बेकायदा ठरवली. पोलादावरचं शुल्क वेगळ्या कायद्याखालचं, ते त्या निकालाने उतरलं नाही. ट्रम्प यांनी लगेच आणखी एका कायद्याचा आधार घेऊन 150 दिवसांसाठी नवं शुल्क लावलं, म्हणजे अनिश्चितता पुन्हा दारात. पण निकालातून निघणारा एक प्रश्न आपल्या कामाचा आहे. बेकायदा घेतलेला पैसा परत करायचा झाला तर कोणाला? ज्याने सीमाशुल्काच्या खिडकीवर भरला त्याला, म्हणजे अमेरिकी आयातदाराला. भारतीय निर्यातदाराने गिऱ्हाईक टिकवायला दिलेली सूट त्यात मोजली जात नाही. आणि ऑक्टोबर ते जानेवारी घरी बसलेल्या माणसाच्या हजेरीचा तर कुठे कागदच नाही. जे शुल्क कधी लागायलाच नको होतं, त्याची भरपाई न मिळणारा तो शेवटचा माणूस.

कागद तयार करणं अवघड आहे का? असंघटित कामगारांसाठीचं ई-श्रम पोर्टल ऑगस्ट 2021 पासून चालू आहे आणि त्यावर 30 कोटींहून अधिक नावं आहेत. नावांची यादी आहे, पण काम थांबलं तर त्या यादीवर काही हलत नाही. महापालिका प्रत्येक औद्योगिक गाळ्याकडून मालमत्ता कर घेते. कोणता गाळा कुठे आहे हे तिला दारासकट ठाऊक आहे. त्या गाळ्यांत किती माणसं काम करतात, नगावर किती आणि पगारावर किती, किती जण रोज शहराबाहेर निर्यातीच्या कामाला जातात, हे विचारायला तिला केंद्राची परवानगी लागत नाही. अशी एक पाहणी करून ती ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्राकडे आणि कामगार आयुक्तांकडे दिली, तर पुढच्या वेळी ‘झळ बसलेले’ या शब्दात निर्यातदाराखालची माणसंही बसू शकतील. तोंडी पाठवलेल्या ‘रजेला’ ले-ऑफ धरायचं की नाही, हा वाद तरी कोणाच्या टेबलावर येईल. आज आपल्या शहराची लोकसंख्या म्हणून आपण अजून 2011 च्या जनगणनेचे 8 लाख 9 हजार सांगतो. ती किती जुनी झाली हे शाळेच्या प्रवेशाला रांगेत उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारा.

नवे नगरसेवक आता सभागृहात बसले आहेत. तुमच्या प्रभागातल्याला गाठा आणि मेट्रोचं विचारून झालं की हेही विचारा: आपल्या प्रभागात गेल्या दिवाळीनंतर किती जणांना गावाला पाठवलं, आणि त्यातल्या किती जणांना परत फोन आला? उत्तर ठाऊक नसेल तर ते मोजायचा ठराव मांडायला सांगा.