ज्याची गरज मोठी, तो प्रथम

शास्त्रपाठ : लूक 10:30-37



यरीहोच्या वाटेवर लुटारूंनीं अर्धमेला करून टाकलेल्या मनुष्याची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती गोष्ट जेथें रात्रंदिवस घडत असते, अशा एका ठिकाणीं मी आज आपणांस मनानें घेऊन जातों. तें ठिकाण म्हणजे मोठ्या इस्पितळांतील तातडीच्या उपचारांचा विभाग होय.

त्याचें दार कधीं बंद होत नाहीं. एकास गाडींतून उतरवून आंत नेतात, तोंच दुसऱ्यास त्याचे नातलग खांद्यावर घेऊन येतात. दाराशीं उभी असलेली परिचारिका नाडी पाहते, श्वास मोजते, मनुष्य शुद्धीवर आहे कीं नाहीं हें पाहते, आणि कोणास तांबडी, कोणास पिवळी, कोणास हिरवी खूण देते. तांबड्या खुणेच्या मनुष्यास क्षणभरही थांबतां येत नाहीं. हिरव्याचें थांबलें तरी चालतें. बाहेर बांकावर दोन तास बसलेला कोणी रागानें म्हणतो, "मी आधीं आलों, हा मागून येऊन आंत कसा गेला?" त्याचें म्हणणें बाजारांत खरें ठरेल, येथें ठरत नाहीं.

ही रीत रणभूमीवर रुजली. नेपोलियनच्या सैन्यांतील दोमिनिक लारे ह्या शस्त्रवैद्याचा दंडक असा होता कीं, जखमी मनुष्य सरदार कीं शिपाई हें न पाहतां ज्याची जखम भारी त्यास आधीं हातीं घ्यावें. शत्रूकडील जखमींवरही तो उपचार करीत असे.

ह्यावरून आपण पहिला बोध घेऊं. देवाच्या दारीं आपण कोणत्या हक्कानें उभे आहों? आमचे आजोबा मंडळींत प्रथम आले, म्हणून आमचा मान मोठा, असें आपण मनांत म्हणतों; आणि दारूनें मोडलेला कोणी मनुष्य काल आला व उपदेशकानें चार दिवस त्याच्याच घरीं घालविले, कीं आपण कुरकुरतों. बंधूंनो, त्याला तांबडी खूण आहे. आपणांस थांबावें लागलें ही उपेक्षा नव्हे. आपण बरे आहों ह्याची ती साक्ष आहे.

दुसरा बोध असा. मोठ्यानें रडणाऱ्या मुलाकडे पाहून अनुभवी परिचारिका फारशी घाबरत नाहीं. जें रडतें त्याचा श्वास चालू असतो. जें मूल निपचित पडलें आहे, हांक मारली तरी पाहत नाहीं, त्याकडे ती धांवते. मंडळींतही जो फार बोलतो तोच फार दुःखी असतो असें नाहीं. जी विधवा तीन आठवडे उपासनेस आली नाहीं व कोणाशीं कांहीं बोलली नाहीं, तिचें दार आज ठोठवा.

तिसरा बोध वेळेचा आहे. मण्यार रात्रीं झोपेंत चावते. पुष्कळदां वेदना नसते, खूणही दिसत नाहीं. पहांटे पोट दुखतें, पापण्या मिटूं लागतात, आणि मग श्वास मंदावतो. इस्पितळांत विषावर लस आहे व श्वास चालविणारें यंत्रही आहे. परंतु मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेले तीन तास परत आणण्याचें यंत्र कोठेंही नाहीं. म्हणून दंश झाल्यास घट्ट बांधूं नका, चिरूं नका, चोखूं नका. अवयव हालूं देऊं नका व 108 ह्या क्रमांकावर गाडी बोलवा. प्रार्थना अवश्य करा, परंतु गाडींत बसून करा.

कोणी म्हणेल, "रस्त्यावर पडलेल्यास उचललें तर पोलीस मलाच धरतील." ह्या भयास आतां आधार नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें 1989 सालीं असें ठरविलें कीं, प्रत्येक डॉक्टरानें, तो सरकारी असो वा खाजगी, आधीं जीव वांचवावा, कागदपत्रें मागून व्हावीं. 2019 च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनें अपघातांत निष्कपटपणें मदत करणाऱ्यास संरक्षण दिलें, आणि 2020 च्या नियमांनीं त्यावर नांवगांव सांगण्याची सक्ती करण्यास मनाई केली. त्या कायद्यानें अशा मनुष्यास जें इंग्रजी नांव दिलें आहे, त्याचा अर्थ 'चांगला शोमरोनी' असाच आहे. कायद्यानें प्रभूच्या दृष्टांतांतलें नांव उचललें. आपण मात्र याजकासारखे दुसऱ्या बाजूनें जाणार काय?

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवा. शोमरोन्यानें त्या मनुष्यास उतारशाळेंत पोंचवून हात झटकले नाहींत. त्यानें दोन नाणीं दिलीं आणि परत येण्याचें वचन दिलें. कर्जानें पिचलेला शेतकरी पिकावरचें औषध पितो, तेव्हां डॉक्टर त्याची जात, त्याचें कर्ज, त्याचें पाप विचारीत बसत नाहीं. घटकेघटकेस तो ॲट्रोपिनची सुई टोंचतो, नाडी पाहतो, छातीचा आवाज ऐकतो, आणि पुन्हा टोंचतो. कांहीं दिवसांनीं तो मनुष्य जिवंत घरीं येतो. डॉक्टराचें काम तेथें संपतें. आपलें तेथें सुरू होतें. विहिरीवर त्याच्याविषयीं कुजबुज होईल, तर त्याचे प्राण दुसऱ्यानें धोक्यांत येतील. त्याच्या ओट्यावर जाऊन बसा, त्याच्या बांधावर जा, आणि उद्यां पुन्हा येतों असें सांगून खरोखर उद्यां जा.

हे दयाळू पित्या, आम्हीं हांक मारली तेव्हां तूं आमची पात्रता विचारली नाहींस. आमच्या वाटेवर पडलेल्यास ओळखण्याची दृष्टि व थांबण्याचें धैर्य आम्हांस दे. आमेन.