दुसऱ्याच्या शेतातली आपली वाट

इंग्लंडच्या ग्रामीण भागात मुलांना घेऊन गेलेल्या कुटुंबाला पहिल्या तासाभरातच एक लाकडी खांब भेटतो. खांबावर पिवळा बाण असतो आणि तो एका कुरणाकडे वळलेला असतो. कुरण खाजगी मालकीचे, आत मेंढ्या चरताहेत, भोवती दगडी गडगा आहे. तरीही आठ वर्षांचे पोर फाटक उघडून सरळ आत शिरते. ते कोणाची परवानगी घेत नाही, तिकीट काढत नाही. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची सार्वजनिक वाट. निळा असेल तर तिथून घोडा आणि सायकलही नेता येते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटांचे जाळे सुमारे १,४०,००० मैलांचे आहे.

मुलांना शहराबाहेर कशासाठी न्यायचे, याचे नेहमीचे उत्तर ‘निसर्गासाठी’ असे असते. मोकळी हवा, हिरवळ, पडद्यापासून सुटका, हे सगळे खरेच आहे. पण माझ्या मते या सहलीचा मोठा लाभ त्या पिवळ्या बाणात आहे. जमीन दुसऱ्याची असली तरी तिच्यावरून जाण्याचा हक्क आपला असू शकतो, आणि तो हक्क आपल्या वागण्यावर टिकतो, हे मूल इथे चालता चालता शिकते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून हे इतके पक्के शिकवता येईल असे मला वाटत नाही.

हा हक्क इंग्लंडला आयता मिळालेला नाही. १६०४ ते १९१४ या काळात तिथल्या संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून सामाईक जमिनींना कुंपणे घातली. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या हिश्शाहून अधिक जमीन त्यात आली. गावकऱ्यांची गुरे जिथे चरत होती, जिथून सरपण येत होते, ती माळराने एकेका मालकाच्या नावावर झाली. पुढे मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या माणसांना आठवड्याची सुट्टी मिळाली की समोर पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर दिसत, पण वर जायला मज्जाव असे. ते डोंगर श्रीमंतांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते आणि त्यांवर रखवालदारांचा पहारा होता.

२४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावातून काहीशे तरुण-तरुणी बंदी झुगारून किंडर स्काउट या डोंगरावर चालत गेले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. वर रखवालदारांशी झटापट झाली, खाली येताच अटका झाल्या, आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. चालण्यासाठी तुरुंगात गेलेल्या या पोरांनी देशभर खळबळ उडवली. २००२ साली या घटनेला सत्तर वर्षे झाली, तेव्हा डेव्हनशरच्या ड्यूकनी आपल्या आजोबांच्या त्या वेळच्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. त्या एका दिवसामुळेच सगळे बदलले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चालणाऱ्यांच्या जुन्या संघटनांना तो मार्ग पसंत नव्हता आणि त्या कित्येक वर्षे अर्जविनंत्यांनी लढत होत्या. पण दोन्ही वाटांनी गेलेल्यांच्या कष्टांतून १९४९ चा राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण प्रवेश कायदा आला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. पायवाटांची अधिकृत नोंद नकाशांवर होऊ लागली. २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि सामाईक जमिनींवर वाट सोडूनही फिरण्याची मुभा दिली.

१९३२ सालीच आणखी एक कायदा झाला. त्यातले तत्त्व आज १९८० च्या महामार्ग कायद्यात आहे. लोक एखाद्या वाटेने सलग वीस वर्षे उघडपणे, बळजबरी न करता आणि परवानगी न मागता चालत आले असतील, आणि मालकाने या काळात आपला विरोध स्पष्ट केला नसेल, तर ती वाट सार्वजनिक मानली जाते. वहिवाट म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अडवलेला शेतरस्ता मोकळा करून घेण्यासाठी आजही आपला शेतकरी तहसीलदाराकडे जातो. हक्क कागदावर येण्याआधी तो पायांनी तयार होतो, हे दोन्हीकडे खरे आहे. म्हणून इंग्लंडमधल्या एखाद्या पायवाटेवरून आपले मूल चालते, तेव्हा ते नुसता हक्क उपभोगत नसते, तो जिवंत ठेवायला हातभारही लावत असते. कोणी न चाललेली वाट काटेरी झुडपे गिळतात, आणि मग ती मागणाराही उरत नाही.

आता मुलांच्या चालण्याविषयी. मोठी माणसे शिखर गाठायला निघतात, मुले तशी निघत नाहीत. डर्बीशरमधल्या डव्हडेलला नदी ओलांडायला पाण्यात दगडांची रांग आहे. तिच्यापलीकडे थॉर्प क्लाउडची टेकडी आहे. आईबाबांचे डोळे टेकडीकडे लागलेले असतात आणि मूल तिसऱ्या दगडावर बसून पाण्यात काडी सोडत असते. ससेक्सच्या ॲशडाउन फॉरेस्टमध्ये एका लहानशा लाकडी पुलावर मुले एका बाजूने काड्या टाकतात आणि दुसऱ्या बाजूला धावत जाऊन कोणाची आधी येते ते पाहतात. ए. ए. मिल्न यांच्या विनी द पूच्या गोष्टींमुळे हा खेळ आणि तो पूल दोन्ही जगाला माहीत झाले. एप्रिल-मेमध्ये जंगलाच्या तळाशी ब्लूबेलची निळाई पसरते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाटेकडेच्या कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकतात आणि त्या खाऊन बोटे जांभळी होतात. शरदात हॉर्स चेस्टनटच्या तकतकीत तपकिरी बियांनी खिसे भरतात. यातले काहीही विकत घ्यावे लागत नाही, आणि काहीही घाईने होत नाही.

या संथपणात पालकांनी ढवळाढवळ करू नये असे मला मनापासून वाटते. शहरातल्या मुलाचा दिवस आपण तासातासाने आखलेला असतो. प्रवेशशुल्क भरून जावे अशा जागांतही मौज कशात आहे हे दुसऱ्याने आधीच ठरवलेले असते. पायवाटेवर ते मुलाला ठरवावे लागते. हा दगड हलतो की स्थिर आहे? चिखलातून जायचे की कडेने? पाऊस आला तर झाडाखाली थांबायचे की पुढे चालायचे? असे लहान निर्णय घेतच मूल स्वतःच्या अंगावर विश्वास टाकायला शिकते. त्यासाठी नकाशाही त्याच्या हातात द्यावा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नारिंगी मुखपृष्ठाच्या एक्सप्लोरर नकाशावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असते. शेताशेताची हद्द त्यात आखलेली असते आणि पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. कागदावरची रेषा आणि समोरचा गडगा यांची सांगड स्वतः घातल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर येणारा आनंद फोनवरच्या निळ्या ठिपक्यामागे चालून येत नाही.

हक्काची दुसरी बाजू फाटकाशी शिकायला मिळते. ग्रामीण भागात वागण्याची आचारसंहिता तिथे १९५१ पासून प्रसिद्ध होत आली आहे. तिच्यात मुलांना लगेच पटणारा एक नियम आहे: फाटक जसे सापडले तसेच ठेवा. लावलेले असेल तर लावा, उघडे असेल तर उघडेच राहू द्या. उघडे का ठेवायचे, असे मूल विचारतेच. कारण कदाचित मेंढ्यांचे पाणी पलीकडच्या शेतात असेल आणि शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडे ठेवले असेल. ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा माणसाच्या कामाचा विचार करायचा, हा धडा त्या एका प्रश्नात सामावला आहे. वसंतात मेंढ्या विणीला आलेल्या असतात तेव्हा कुत्रा दोरीने बांधून न्यायचा, गाई-वासरांच्या मधून जायचे नाही, कचरा घरी परत आणायचा. शेतकऱ्याची तक्रार अनेकदा रास्त असते. बेफिकीर माणसांचा एक रविवार त्याला आठवडाभर निस्तरावा लागतो. हक्काची भाषा बोलणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे.

आणि तरीही हा हक्क सर्वांपर्यंत सारखा पोचलेला नाही. २००० च्या कायद्याने मोकळे फिरता येते अशी जमीन इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के आहे आणि तिचा बराचसा भाग शहरांपासून दूरच्या डोंगराळ प्रदेशात आहे. गाडी नसलेल्या कुटुंबाला रविवारची बस मिळणे कठीण जाते. मँचेस्टर-शेफील्ड रेल्वेमार्गावर ईडेलसारखे स्टेशन आहे, जिथे उतरून थेट डोंगराकडे चालू लागता येते. अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. राष्ट्रीय उद्यानांचा आढावा घेणाऱ्या २०१९ च्या ग्लोव्हर अहवालाने नोंदवले की वांशिक अल्पसंख्याकांना या जागा आपल्या वाटत नाहीत. त्याच अहवालाने प्रत्येक मुलाला अशा प्रदेशात एक रात्र ताऱ्यांखाली काढता यावी अशी शिफारसही केली. गयानात जन्मलेल्या छायाचित्रकार इंग्रिड पोलार्ड यांनी १९८०च्या दशकातच लेक डिस्ट्रिक्टमधल्या कृष्णवर्णीय माणसांची छायाचित्रे काढून त्या परकेपणाकडे बोट दाखवले होते.

किंडर स्काउटची चढाई झाली त्याच १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ सुरू झाले. म्हणजे मराठी माणूस त्या देशात नवा नाही. हॅरो, स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स इथे आज मराठी घरे आहेत, मुले तिथल्याच शाळांत शिकतात. सुट्टीच्या दिवशी मात्र आपली पावले बहुधा खरेदीच्या संकुलाकडे, थीम पार्ककडे किंवा एकमेकांच्या घरच्या जेवणाकडे वळतात. एकत्र जेवण्यात काही गैर नाही. पण ग्रामीण भागात गेल्यावर ‘इथे आपले काय काम’ असा जो संकोच अनेकांना वाटतो, तो मुलांच्या वाट्याला येऊ देऊ नये. पिवळा बाण पासपोर्ट तपासत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथल्या गडग्याला टेकून खाण्याचा अधिकार सँडविच खाणाऱ्याइतकाच आपला आहे.

हा हक्क एकदा मिळाला आणि कायमचा झाला, असेही नाही. डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकून रात्र काढण्याचा अधिकार २०२३ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने नाकारला. त्याच वर्षी अपील न्यायालयाने तो परत दिला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मालक बदलतात आणि त्यांचे वकीलही बदलतात. वाट टिकते ती चालणाऱ्यांमुळे आणि तिच्यासाठी बोलणाऱ्यांमुळे.

म्हणून इंग्लंडमध्ये राहणाऱ्या प्रत्येक मराठी आईबाबांना माझे सांगणे आहे. येत्या शनिवारी किंवा रविवारी घराजवळची एक पायवाट नकाशावर शोधा. ती प्रसिद्ध नसली तरी चालेल, दोन मैलांची असली तरी पुरे. गमबूट घाला, डबा घ्या, नकाशा मुलाच्या हाती द्या आणि त्याच्या मागून चाला. वाट कोणी अडवली असेल तर स्थानिक कौन्सिलला कळवा, आणि ते पत्र मुलाला सोबत बसवून लिहा. आपल्याआधीच्या माणसांनी ही वाट अर्जविनंत्या करून, आणि काहींनी तुरुंगात जाऊनही, मिळवली आहे. आपल्याला ती फक्त चालायची आहे, आणि पुढच्यांसाठी मोकळी ठेवायची आहे.