जुने विमान, नवे इंजिन

सेसना १५२ चे उत्पादन १९८५ मध्ये थांबले. आता घ्यायचे तर जुनेच. पाटसहून रोटी घाटाने बारामतीला गेले की अशाच छोट्या विमानांवर वैमानिक शिकताना दिसतात. दहा हजार तास उडालेल्या विमानाचे इंजिन साधारण २४०० तासांनी उघडून नव्यासारखे केलेले असते, टायर तर कितीदा बदललेले. मग दहा हजार तास उडाले कोण?

बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारले होते. चाक, आस, जू यांपलीकडे रथ कुठे? ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव. गीतेत उलट: देह वस्त्रासारखा बदलतो, देही टिकतो. विमानापुरता नागसेन पटतो, पण पुरता नाही. पंख धडाला जोडणारा ॲल्युमिनियमचा सांधा सहसा मूळचाच असतो आणि प्रत्येक उड्डाणाचा ताण त्यात साठतो. म्हणून जाणता गिऱ्हाईक रंग पाहत नाही. लॉगबुक चाळतो, मग रिव्हेटभोवती केसाएवढी चीर शोधतो.