मूळचे म्हणजे काय?

आमच्या आप्पांचा विलीज पिकअप १९५१ चा. १९६६ साली त्यांनी तो दुसऱ्या मालकाकडून घेतला आणि पुढे वीस-बावीस वर्षे बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीपर्यंत बटाटा, मिरची, तांदूळ वाहिला. धंदा बंद झाला तशी गाडी परसातल्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. आप्पा २००९ साली गेले. २०२२ च्या उन्हाळ्यात धाकट्या भावाने गाडी विकायला काढली, आणि ज्या प्रश्नाला मी एम. ए. च्या परीक्षेत अर्ध्या तासात उत्तर लिहून मोकळा झालो होतो, तोच प्रश्न तेलाने माखून माझ्या पुढ्यात आला.

गिऱ्हाईक हौशी होते. जुन्या गाड्या जमवणारे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि एवढेच विचारले, "सगळं मूळचं आहे ना?" भावाने छातीठोकपणे होय म्हणून सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. आप्पा स्वतः आयुष्यभर तेच सांगत आले होते, "नट-बोल्टासकट कंपनीचा माल." एकच खोड होती. उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटून बाहेर यायचा. तेवढे दुरुस्त करून द्यावे, असे ठरले.

मिस्त्रींनी गिअर बॉक्स उतरवला, रॉकेलने धुतला. पन्नास-साठ वर्षांचे काळे किटण निघाल्यावर खोक्याच्या बाजूला ओतीव अक्षरे दिसू लागली. मिस्त्री वाकून बघत राहिले. म्हणाले, "सर, हा ह्या गाडीचा नव्हे."

या पिकअपला कारखान्यातून टी-९० नावाचा तीन गिअरांचा बॉक्स येत असे. आमच्यावर टी-८४ अशी खूण होती. हा त्याच्या आधीचा, महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या लष्करी जीपांचा. १९४५ साली नागरी वापराची सीजे-२ए निघाली, तेव्हा कंपनीने त्याच्या जागी अधिक दणकट टी-९० बसवला. दोन्हींचे गिअर तीनच. दोन्हींत पहिल्याला सिंक्रो नाही, म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच करावाच लागतो. गाडीत बसलेल्याला फरक कळावा कसा?

खोके बदलले असेल आणि आतले दात टी-९० चे असतील, असे भावाने सुचवून पाहिले. मिस्त्रींनी वाद घातला नाही. दोन्ही शाफ्टांवर खडूने रेघ ओढली, बॉक्स पहिल्या गिअरमध्ये टाकला आणि पुढचा शाफ्ट हाताने फिरवू लागले. टी-९० असेल तर मागचा शाफ्ट दहा वेळा फिरायला पुढचा जवळजवळ अठ्ठावीस वेळा फिरवावा लागतो, कारण त्याचे प्रमाण २.७९८ आहे. टी-८४ चे २.६६५. एका फेऱ्यात हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दहा. मिस्त्री कानडीत मोजत होते, मी मराठीत. सव्वीस पुरे होऊन सत्ताविसावा दोन तृतीयांशावर आला आणि मागची रेघ दहाव्यांदा वर आली. आमच्या भागात दोन भाषांचे एका आकड्यावर असे एकमत क्वचितच होते.

भाऊ म्हणाला, "दादा, गप बस की. उघडून कोण बघतंय?"

त्याची अडचण मला ठाऊक होती. मुलीचे इंजिनीअरिंगचे दुसरे वर्ष होते आणि ठरलेली रक्कम 'सगळे मूळचे' या दोन शब्दांवर उभी होती. त्याचा युक्तिवादही टाकाऊ नव्हता. आर. सी. बुकात चॅसिसचा क्रमांक असतो, इंजिनाचा असतो. गिअर बॉक्सचा नसतो. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या खासगी मोटारी आणि दुचाकींसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या नोंदणीचे नियम केले. आमचा मालवाहू पिकअप त्यांत बसत नाही, पण त्यांतली दृष्टी पाहण्यासारखी आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नको. गिअर बॉक्सचे नाव तिथेही नाही. सरकारला जो ओळखीचा भाग वाटत नाही, त्यासाठी आपण का अडून बसावे?

मिलिंद राजाला, म्हणजे ग्रीक मिनँडरला, नागसेनाने विचारले होते की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? यांतले एकही नव्हे. सगळ्यांच्या आधाराने चालणारे ते एक व्यवहाराचे नाव. हे वर्गात शिकवताना फार सुंदर वाटते. पण नागसेनाला रथ विकायचा नव्हता.

मग भावाने दुसरी वाट काढली. मिस्त्रींच्या ओळखीने एक जुना टी-९० मिळत होता. तो बसवला की गाडी कारखान्यातून निघाली तशी होईल. मग 'सगळे मूळचे' म्हणायला हरकत काय? मी दोन रात्री यावर घालवल्या. भाग बरोबर, जात बरोबर, काळही जवळपास बरोबर, आणि तरी वाक्य खोटे. 'मूळचे' हा शब्द लोखंडावर कोरलेला नसतो, तो कुणीतरी कुणाला तरी सांगत असतो. बरोबर भाग आणून बसवला म्हणून तो पहिल्यापासून तिथे होता, असे होत नाही. उलट तो तिथे नव्हता याचा पुरावाच आपण उचलून कोपऱ्यात ठेवतो.

या कोपऱ्याचा विचार हॉब्जने १६५५ साली केला होता. जहाजाच्या एकेक फळ्या बदलत गेले आणि काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते?

शेडमध्ये तो जुना बॉक्स लाकडी पाटावर पडला होता. त्याच्याकडे पाहताना एक गोष्ट आठवली. बाकीचे गाडीवाले ठासून माल भरत. आप्पा घाट चढायचा असला की दहा पोती कमी घेत. कुणी हसले तर म्हणत, "तिची मान नाजूक आहे रे." आम्ही याला त्यांचा भित्रेपणा समजत आलो. टी-८४ हा टी-९० पेक्षा दुबळा, हे आता कळले. म्हणजे आप्पांना माहीत होते? मग कंपनीचा माल म्हणून ते लोकांना का सांगत राहिले? अभिमानापोटी असेल, धंद्याची गरज असेल. मुलाला बापाबद्दल असले काही पन्नाशी उलटल्यावर कळावे, हे फारसे सुखाचे नाही. पण एक मानावे लागेल. बोलताना त्यांनी काहीही सांगितले असो, चालवताना ते गाडीशी कधी खोटे वागले नाहीत. दहा पोत्यांचे भाडे त्यांनी दर खेपेला सोडले.

हे मी भावाला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

टी-९० बसवला. गिऱ्हाईक आले तेव्हा भावानेच तोंड उघडले. जुना कोणता निघाला, कसा ओळखला, नवा कुठून आणला, सगळे सांगितले. त्यांनी रक्कम कमी केली. मला वाटली होती तितकी नाही, भावाला परवडेल तितकीही नाही. बाकीचे पैसे मी माझ्या फंडातून काढून दिले. शब्द माझ्या हट्टाने बदलला होता.

कागदावर सह्या झाल्या. जाता जाता त्यांची नजर पाटावर गेली. "तो जुना बॉक्स असाच पडून राहणार. गाडीबरोबर देऊन टाका, वेगळे पैसे देतो."

मी भावाकडे पाहिले. तो बॉक्सवर गोणपाट टाकत होता.

"तो नाही द्यायचा," तो म्हणाला.