अश्वत्थामा नावाचा हत्ती

युद्धात खोटे बोलावे की बोलू नये, असा वाद आपल्याकडे निघाला की धर्मराजाला साक्षीला बोलावल्यावाचून तो पुरा होत नाही. 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द तर इतके अंगवळणी पडले आहेत, की उसने पैसे परत करायला टाळाटाळ करणाऱ्यालाही आपण ते ऐकवतो. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, तो त्या अर्ध्या सत्याने खाली टेकला. कीर्तनकार, पुराणिक आणि आम्ही शाळामास्तर, सारेच त्या चार बोटांचा हिशेब सांगतात. हत्तीचा हिशेब कोणी मांडत नाही.

वास्तविक द्रोणपर्वात त्या हत्तीची हकीकत स्पष्ट दिलेली आहे. तो कौरवांचा नव्हता. मालवराजा इंद्रवर्म्याचा, म्हणजे पांडवांच्याच सैन्यातला होता. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावे म्हणून 'अश्वत्थामा मेला' ही बातमी हवी होती, आणि ती अगदीच खोटी ठरू नये म्हणून भीमाने आपल्याच बाजूचा हत्ती गदेने मारला. ज्यांच्या वतीने तो रणात उभा होता, त्यांच्याकडूनच त्याच्या मस्तकावर घाव आला. त्याचा अपराध एवढाच, की त्याचे नाव अश्वत्थामा होते.

या हत्तीची मला आठवण होते ती दुसऱ्या महायुद्धातील एका प्रेतामुळे. १९४३ साली उत्तर आफ्रिकेतील लढाई संपत आली होती आणि दोस्त सैन्य आता सिसिलीवर उतरणार, हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही कळण्यासारखे होते. तेव्हा शत्रूला ते खोटे वाटावे कसे? युअन मॉन्टॅग्यू आणि चार्ल्स चोल्मंडली या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी युक्ती काढली. एका मृत माणसाला मेजर विल्यम मार्टिन असे नाव दिले, नौसैनिक दलाचा गणवेश चढवला आणि एका पेटीत लष्करी पत्रे घालून ती त्याच्या अंगाला साखळीने बांधली. हल्ला ग्रीस आणि सार्डिनियावर होणार, असा त्या पत्रांतून सुगावा लागत होता. ३० एप्रिलच्या पहाटे 'सेराफ' या पाणबुडीने ते प्रेत स्पेनच्या ऊएल्वा गावाजवळ समुद्रात सोडले. स्पेन नावाचा तटस्थ. तिथल्या अधिकाऱ्यांनी पत्रे जर्मनांना पाहू दिली आणि मग साळसूदपणे इंग्रजांना परत केली. हिटलर फसला. फ्रान्समधली एक रणगाड्यांची डिव्हिजन ग्रीसकडे गेली, आणि १० जुलैला दीड लाखांहून अधिक सैन्य सिसिलीवर उतरू लागले. एका प्रेतानेच हे सारे केले असे मी म्हणणार नाही. त्याच सुमारास फसवणुकीचे आणखीही डाव चालू होते. पण त्यात याचा वाटा मोठा होता.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून असेल, पण मला सर्वांत नवल वाटते ते मेजरसाहेबांच्या खिशांचे. एका खिशात 'पॅम' नावाच्या वाग्दत्त वधूची दोन प्रेमपत्रे आणि तिचा फोटो. फोटो गुप्तचर खात्यात काम करणाऱ्या एका मुलीचा. अंगठीचे बिल, वडिलांचे जरा करडे पत्र, नाटकाच्या तिकिटांचे तुकडे, आणि खात्यातून जास्त पैसे उचलल्याबद्दल बँकेचा तगादा! या तगाद्यापाशी मी हात जोडले. गणवेश वापरलेला दिसावा म्हणून चोल्मंडली तो कित्येक दिवस स्वतः घालून हिंडला. बर्फात ठेवलेल्या प्रेताचे पाय ताठले होते, बूट चढेनात, तेव्हा विजेच्या शेगडीवर ते पाय ऊबवले गेले. एवढी निगा त्या माणसाची कोणी जिवंतपणी केली असेल, असे वाटत नाही.

तो माणूस होता ग्लिंडूर मायकल. वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. लहानपणीच वडिलांनी जीव दिलेला, आई १९४० साली गेली. तो फिरत फिरत लंडनला आला आणि जानेवारी १९४३ मध्ये उंदराचे विष पोटात जाऊन चौतिसाव्या वर्षी मेला. ज्याला कोणी विचारले नाही, त्याचे प्रेत तरी कोणी कशाला विचारून नेणार?

मग हे चूक झाले का? मला तसे म्हणवत नाही. सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पोरांत माझा मुलगा असता, तर मी ते प्रेत स्वतःच्या खांद्यावर वाहून नेले असते. पुढे त्याच इटलीत मराठा पलटणींतली आपली पोरेही लढली. नाईक यशवंत घाडगे टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले. शत्रूला फसवण्याचा विटाळ आम्हां मराठी माणसांना नाहीच. गनिमी काव्याचे आम्ही पोवाडे गातो, बहिर्जी नाइकाचे नाव घेताना आमची मान ताठ होते.

पण पन्हाळ्याचा शिवा काशीद आठवा. १६६० साली तो महाराजांच्या वेषात पालखीत बसला आणि सिद्दी जौहरच्या माणसांच्या हाती सापडून मारला गेला, असे सांगतात. सोंग तेच, फसवणूक तीच. पण पालखीत पाय टाकताना कुठे जायचे आहे, हे शिवाला ठाऊक होते. 'नाही' म्हणायची सवड त्याला होती. हत्तीला ती नव्हती, आणि मायकललाही नव्हती.

मला खुपते ते १९४३ नव्हे, १९५३. युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. त्या साली मॉन्टॅग्यूने ही हकीकत पुस्तकरूपाने छापली. ती खूप गाजली, तिच्यावर पुढे चित्रपटही निघाला. त्यात त्याने लिहिले, की हा माणूस न्यूमोनियाने गेला आणि नाव न सांगण्याच्या अटीवर नातलगांनी परवानगी दिली होती. पुढे संशोधकांनी दाखवले, की दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. आता यात कोणता शत्रू फसवायचा होता? हिटलर तर कधीच संपला होता. फसले ते स्वतःचेच वाचक. युद्धासाठी उसने घेतलेले खोटे युद्ध संपल्यावर परत करायचे असते. ते यांनी घरातच ठेवून घेतले.

मायकलचे नाव १९९६ साली एका हौशी अभ्यासकाने सरकारी कागदांतून शोधून काढले. ऊएल्वाच्या दफनभूमीतल्या त्या थडग्यावर तोवर मेजर मार्टिनचेच नाव होते. त्याचे कल्पित आईबापही तिथे कोरलेले आहेत. १९९८ मध्ये त्याखाली एक ओळ आली: ग्लिंडूर मायकल याने मेजर विल्यम मार्टिन म्हणून सेवा बजावली. 'बजावली' या क्रियापदापाशी मी अडखळतो. वर्गातल्या एखाद्या मुलाने ते माझ्यासमोर लिहून आणले असते, तर लाल शाईने मी त्यावर रेघ मारली असती की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.