गुण आणि मोल

गुणवंताचा गौरव करावा, याविषयीं दुमत नाहीं. पण गौरव नेमका कशाचा करावयाचा, हें ठरवूं लागलें कीं मतभेदास आरंभ होतो. अमेरिकेंत बेसबॉलच्या खेळांतील ‘सर्वाधिक मोलाचा खेळाडू’ निवडतांना हाच वाद वारंवार उद्भवतो. १९३१ पासून तेथील बेसबॉल-वृत्तलेखकांची संघटना हा मान देत आली आहे. मात्र ‘मोलाचा’ म्हणजे काय, हें ठरविणें तिनें मतदारांवरच सोपविलें आहे. मानकरी विजेत्या संघांतलाच असावा, असाहि नियम नाहीं.

१९४७ सालीं अमेरिकन लीगमध्यें बोस्टनचा टेड विल्यम्स हा फलंदाजीची सरासरी, होम रन आणि आपल्या फटक्यांनीं संघास मिळवून दिलेल्या धावा, या तिन्ही बाबींत पहिला होता. तरीहि २०२ विरुद्ध २०१, अशा एका अंकाच्या फरकानें मान मिळाला तो न्यूयॉर्कच्या जो डिमॅजिओस. न्यूयॉर्कचा संघ पहिला आला होता, बोस्टनचा तिसरा. डिमॅजिओचें उत्तम क्षेत्ररक्षण आंकड्यांत पुरतें उतरत नाहीं, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद विचारार्ह आहे. पण ‘विजेत्या संघांतला म्हणून तो अधिक मोलाचा’, हा युक्तिवाद अगदीं निराळा, आणि तोच तपासून पाहिला पाहिजे.

या पक्षाचें म्हणणें असें, कीं मोल हें सापेक्ष असतें. वाळवंटांत घागरभर पाण्याची जी किंमत, ती नदीकांठीं नाहीं. १९८७ सालीं नॅशनल लीगमध्यें हा मान शिकागो कब्जच्या आंद्रे डॉसनला मिळाला, तेव्हां त्याचा संघ आपल्या विभागांत शेवटचा होता. त्याच्यावांचूनहि तो शेवटचाच राहिला असता. मग त्याचें मोल तें काय?

हें तर्कशुद्ध दिसतें खरें; पण येथें प्रश्नच नकळत बदलला जातो. खेळाडूनें काय दिलें, हा मूळ प्रश्न बाजूस राहतो आणि त्याच्या सोबत्यांना काय साधलें, हा प्रश्न त्याच्या जागीं येऊन बसतो. एकानें मिळविलेली धाव दुसऱ्याच्या चुकीनें व्यर्थ गेली, म्हणून ती मिळालीच नव्हती असें होत नाहीं.

हा विचार केवळ क्रीडांगणापुरता नाहीं. कर्जांत बुडालेल्या घरासाठीं राबणाऱ्या मुलाचें मोल, घर अखेर सावरलें नाहीं एवढ्यासाठीं, कमी ठरतें काय? यशाचे वांटेकरी अनेक असतात; तें मोजावयास सोपें, म्हणून आपण तेंच मोजतों. एकट्याचें देणें वेगळें काढून पाहणें कठीण आहे. पण न्याय करावयाचा असेल, तर ते कष्ट घेतलेच पाहिजेत.